दाजींच्या गाडीतला गार वारा

मेस्त्रीची कंबर सकाळपासून बोलत होती. दोन गाड्यांचे क्लच उतरवून झाले होते, तिसरी जॅकवर चढली होती आणि जेवणाचा डबा अजून तसाच होता. तेवढ्यात दारात ताईची गाडी येऊन थांबली.

"छोटू, आता तूच बघ बाबा. मी हात टेकले."

अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघ्यांना पट्टे बांधणारा हा भाऊ ताईसाठी अजून छोटूच होता.

शेजारच्या सीटवर दाजी बसले होते. अंगात दोन स्वेटर, वर ब्लँकेट, तरी दात वाजत होते. चार तास डायलिसिसच्या यंत्राला जखडून घेतलं की माणूस आतून गारठतो. आठवड्यातून तीन वेळा ही फेरी, घर पाऊण तासावर, आणि महिनाभर गाडीचा हीटर नुसता गार वारा ओकत होता.

"आधी का नाही आणलीस?"

"तुला कामं थोडी का आहेत? घराजवळच्या गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलून दिला. काडीचा फरक नाही."

मेस्त्री डॅशबोर्डवर वाकला. इंजिनाचा काटा बरोबर मध्यावर होता, म्हणजे इंजिन नीट तापत होतं. पंखा जोरात फिरत होता. इंजिनाची उष्णता सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटचा काही संबंधच नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

त्याने दाजींना हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं. ताई कोपऱ्यावरच्या दुकानातून औषधं आणायला गेली. मेस्त्रीने बॉनेट उघडलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, कूलंटची पातळी ठीक होती. मग त्याने इंजिनातून हीटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना बोट लावलं. एक चटका बसेल इतकी गरम. दुसरी थंडगार. गरम पाणी आत शिरत होतं, पण बाहेर येतच नव्हतं. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, तो चोंदला होता.

तो बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागणार, दोन दिवस मोडणार. आणि दाजींची पुढची पाळी परवा. मेस्त्रीने डब्याकडे एकदा पाहिलं आणि पान्हा उचलला. इंजिन निवल्यावर त्याने दोन्ही नळ्या सोडवल्या, खाली घमेलं ठेवलं आणि ज्या तोंडातून पाणी बाहेर यायला हवं, त्यातूनच हलक्या दाबाने उलटं पाणी सोडलं. बराच वेळ काहीच नाही. मग तांबडं पाणी आलं आणि त्यामागून राखाडी, चमचमते गोळे.

असले गोळे त्याने पूर्वी पाहिले होते. रेडिएटरची गळती बुजवायची पूड; जास्त झाली की हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

"ती मीच टाकली," मागून दाजी म्हणाले. ब्लँकेट सावरत ते दारापर्यंत आले होते. "रेडिएटर झिरपत होता. गाडी गॅरेजला न्यायची तर तिलाच न्यावी लागणार. दवाखाना ती बघते, बाजार ती करते, मला आंघोळसुद्धा तीच घालते. म्हटलं, एवढं तरी आपण उरकावं. एक डबी पुरे होती, मी दोन ओतल्या."

छत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. ज्याने मेस्त्रीच्या हातात पहिल्यांदा पान्हा दिला, तोच. मेस्त्री त्यांच्याकडे वळला.

"गळती थांबली ना?"

"थांबली."

"मग झालं तर. बसा तुम्ही, वारा लागेल."

"तिच्याजवळ बोलू नकोस."

"नाही बोलत."

तासभर तो कधी या बाजूने, कधी त्या बाजूने पाणी सोडत राहिला. ताई परत आली तेव्हा पाणी जवळजवळ नितळ झालं होतं.

"काय होतं रे?"

"गाळ. जुन्या गाडीत साचतोच."

ताईने घमेल्यात वाकून पाहिलं. मग आत खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "डब्या कचऱ्यात सापडल्या होत्या मला. मला वाटलं, त्याचा हीटरशी काय संबंध. तू त्यांना काही म्हणाला नाहीस ना?"

"मी कशाला काय म्हणू?"

नळ्या जोडून त्याने नवं कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. अडकलेली हवा बुडबुड करत निघून गेली. पाचेक मिनिटांनी त्याने दुसऱ्या नळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"चल, एक चक्कर मारून बघू. हीटर पुन्हा थंड झाला तर इथेच कळू दे."

ताई चालवायला बसली, दाजी शेजारी, मेस्त्री मागे. साठी उलटल्यावर शिकली होती ती, अजून दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरायची. पहिल्या चौकापर्यंत ऊब मागच्या सीटवर पोचली. दुसऱ्या चौकात दाजींनी ब्लँकेट मांडीवर ढकललं. तिसऱ्या चौकात त्यांची मान कलली आणि ते घोरू लागले.

गॅरेजच्या दारात ताईने वेग कमी केला, पण थांबवेना तिला. आरशातून तिने भावाकडे पाहिलं. "महिन्यात पहिल्यांदा असे झोपलेत. तुझी कामं अडली असतील ना?"

जॅकवरची गाडी उघड्या दारातून दिसत होती. मेस्त्रीने पाय पसरले, डोकं काचेला टेकवलं.

"घे अजून एक चक्कर," तो म्हणाला, आणि पुढचा चौक यायच्या आत त्यालाही डोळा लागला. ताई एकटीच जागी होती. ती सावकाश चालवत राहिली.