मास्तरचं कोमट पाणी

"तोंड काय वळवतेस? ज्यानं लाजायचं तो तर मजेत गवत खातोय!"

बाबा म्हणाले आणि मला फिस्सकन हसू आलं. माझ्या हातात मास्तरचा लगाम होता. घोडेस्वारीच्या शाळेतला हा सगळ्यात म्हातारा घोडा, शिंगरू असतानाच खच्ची केलेला. किती पोरं त्याच्या पाठीवर बसायला शिकली, म्हणून मास्तर. बाबा तिथे एकवीस वर्षं मोतद्दार होते आणि वर्षातून एकदा ते जे काम करत, ते मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. नर घोड्याच्या लघवीच्या जागेवरचं आवरण आतून धुवायचं. तिथे मळ साचून खडा होतो आणि घोड्याची लघवी अडते. वर्गात मी नुसतं सांगायचे, "बाबा जनावरांची निगा राखतात."

बाबांचे नियम ठरलेले. पोटाला खेटून उभं राहायचं, मागे कधीच जायचं नाही. साबण नाही, "तिथली कातडी पापणीसारखी असते." पाणी कोमट. आणि खडा असो की गाठ, शोधायची बोटांनी. "हे डोळ्यांचं काम नाही गं."

त्या दिवशी बाबांनी बादलीत बोटं बुडवली. "कोमट आहे." हातमोजे चढवले, स्पंज लावला आणि जन्मात कधी पाय न उचललेल्या मास्तरनं लाथ झाडली. बादली उडाली. पाणी माझ्या पावलावर सांडलं.

"बाबा! अहो, चटका बसतोय!"

त्यांनी मोजे काढले. बोटं लालभडक झाली होती. दुसऱ्या कुणाची असावीत तशी ते ती बघत राहिले.

"साखर आहे ना मला," ते हळूच म्हणाले. "बोटांना कळेनासं झालंय. आईला बोलू नकोस."

"आणि मालकांना?"

"मोतद्दाराची बोटं गेली तर राहिलं काय? मला काय शोभेला ठेवतील?"

मी मान डोलावली. खरं सांगते, मला भारी वाटलं होतं. बाबांचं गुपित, फक्त मला! त्यांनी पाणी गार करून पुन्हा धुतलं. "स्वच्छ आहे, काही नाही." मोज्यांची दुसरी जोडी खिळ्यावर लटकत होती. 'मी बघू का?' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

तीन महिन्यांनी मास्तरच्या गवतात रक्ताचे थेंब दिसले.

डॉक्टरबाईंनी गुंगीचं इंजेक्शन दिलं, हात आत घातला आणि बराच वेळ चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाठ आहे. फुटलीय. आतपर्यंत पसरलीय."

"मागे धुतलं तेव्हा नव्हती?" मालकांनी विचारलं.

"असणार. वाटाण्याएवढी तरी. तेव्हाच हाताला लागती तर काढता आली असती."

मालक माझ्याकडे वळले. "तू होतीस ना गं तेव्हा? काय म्हणाले होते बाबा?"

माझ्या तोंडात खोटं अगदी तयार होतं. एरवी मला एकेक शब्द शोधावा लागतो, आणि हे आपोआप आलं होतं.

"तिला नका विचारू," बाबा म्हणाले. "माझ्या बोटांना कळत नाही, साहेब. वर्ष झालं. मी लपवलं."

मालकांनी नुसता मास्तरच्या मानेवरून हात फिरवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरबाई इतकंच म्हणाल्या, "उद्या सकाळी शेवटचं इंजेक्शन घेऊन येते. जास्त दिवस ठेवू नये त्याला."

दुसऱ्या दिवशी मी शाळा बुडवली. आम्ही पोचलो तेव्हा मास्तर भिंतीला टेकून उभा होता, मागच्या पायांवर रक्त वाळलेलं.

"असा नाही पाठवायचा त्याला," बाबा म्हणाले आणि त्यांनी बादली भरून आणली. सवयीनं वाकले. हात पाण्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी बादली माझ्यापुढे सरकवली.

"बघ गं, कोमट आहे का?"

मी बाही वर केली. मनगट बुडवलं.

"थोडं गार घाला."

त्यांनी घातलं. "आता?"

"आता बरोबर आहे."

बाबांनी खिळ्यावरचे मोजे काढून माझ्या हातात दिले. मग ते मास्तरच्या तोंडाशी गेले आणि लगाम धरून माझ्या जागी उभे राहिले.