दाईचा मूळ शब्द

मनगटावर पडलेला दुधाचा थेंब गरम लागला नाही, गारही लागला नाही. पडला एवढंच ओलाव्याने कळलं. म्हणजे बरोबर. मिल्काबाईंनी बाटली आयुषच्या तोंडाला लावली.

"ताई, आज तरी बोल," एलिझर म्हणाला. "तिकिटाच्या एजंटाला तुझं नाव द्यायचंय."

धाकटा भाऊ त्यांना कायमचं इस्राएलला न्यायला आला होता. रास्ता पेठेतल्या दोन खोल्यांत त्याची बॅग उघडीच पडली होती. मिल्काबाई रोज "बघू" म्हणत आणि उठून खिडकी लावत, पुन्हा उघडत, घासलेली भांडी परत विसळत. आताही बाळाला घेऊन त्या येरझाऱ्या घालत होत्या.

वरच्या मजल्यावरची चैताली, आयुषची आई, दारात आली. एका पायातल्या चपलेचा पट्टा अजून लावायचाच होता.

"मावशी, कंपनीची बस आलीच. तुमचं जायचं ठरलं तर सांगा हं. पाळणाघर बघावं लागेल."

"पळ तू. हिंजवडी तुझ्यासाठी थांबायची नाही."

ती पळाली. आयुषने मान वळवली, पण बाटली सोडली नाही.

"सगळी नोकरी दवाखान्यात लोकांची पोरं सांभाळलीस," एलिझर म्हणाला, "आता निवृत्त होऊन शेजाऱ्यांची दाई झालीस. तिकडे सख्खी भाचरं आहेत तुझी."

"दाई तर दाई. आपल्या धर्मग्रंथातली नामी नव्हती झाली, सुनेच्या पोराची? रूथच्या?"

एलिझरला राहवलं नाही. तिकडे शिकलेलं हिब्रू दाखवायची संधी तो सोडत नसे.

"दाई आपल्या मराठीत. मूळ शब्द ओमेनेत. दूध पाजणारी ती मेनेकेत, ती वेगळी. नामी म्हातारी, तिला कुठलं दूध? ओमेनेत म्हणजे घट्ट धरणारी, आधार देणारी. आपलं आमेन त्याच धातूतलं."

"आमेन?"

"हो. पक्कं. न ढळणारं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण ताईच्याच बाजूने बोललो.

मिल्काबाई सकाळपासून पहिल्यांदाच खाली बसल्या. बाटली संपली होती. पोराने त्यांचं बोट मुठीत धरलं होतं.

"उद्या चैतालीची बदली झाली, तर घेऊन जाईल ती त्याला," एलिझर हळूच म्हणाला.

"नेईल की. तिचंच आहे."

"मग तू काय करशील इथे?"

आयुषचे डोळे मिटत आले होते. बोट सोडवून घेता आलं असतं. त्यांनी घेतलं नाही.

"एलिझर," त्या म्हणाल्या, "माझं तिकीट काढू नकोस."