नापास गोधडी

हरिहरराव निवृत्त झाले आणि तीन महिन्यांत संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घरात दोष काढायला एकही वस्तू शिल्लक राहिली नाही. दाराची कडी दोन मिलिमीटर खाली, गॅलरीची फरशी उताराला उलटी आणि बायकोच्या, चित्राताईंच्या, पोळ्या मधे जाड, कडेला पातळ. चौतीस वर्षं चाकणच्या एका गिअरच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळलेला माणूस, त्याला दुसरं येणार काय? हे मत बायकोचं नव्हे, त्यांचं स्वतःचंच. "आयुष्यात एक वस्तू हातानं केली नाही मी," ते येईल त्याला सांगत, "दुसऱ्यांनी केलेल्या मात्र लाखभर नापास केल्या."

दिवाळीच्या पाडव्याला लेक आली, अनुया. तिनं बापाला ओवाळलं आणि हरिहररावांनी सवयीप्रमाणे कपाटातनं एक खोकं काढून तिच्या ताटात ठेवलं. दर दिवाळीला कंपनीला माल पुरवणारे लोक साहेबांना काहीबाही देत आणि साहेब ते पुढे घरच्यांना देत. वाढदिवस, दहावीचा निकाल, साखरपुडा, सगळे सण त्या खोक्यांवरच भागलेले. अनुयानं खोकं उघडलं. भिंतीवरचं घड्याळ होतं, वर कुठल्याशा बेअरिंगवाल्याचं नाव.

"बाबा," ती हसत म्हणाली, "हे आठवं घड्याळ. एकावर तरी तुमचं नाव असायला हवं होतं हो."

सगळे हसले. हरिहररावही हसले, आणि मग जेवताना त्यांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. पोरगी हसत बोलली होती, पण खोटं कुठं बोलली होती? तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हा बाप कंपनीत ऑडिट करत बसला होता. हात धुऊन ते उठले आणि त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पुढच्या पाडव्यापर्यंत माझ्याकडून कुणालाही विकतची किंवा फुकटची वस्तू मिळणार नाही. जे देईन ते माझ्या हातचं."

"आधी शर्टाचं बटण लावून दाखवा," चित्राताई म्हणाल्या.

त्या वर्षी आप्तेष्टांवर जे गुदरलं त्याचं सगळं वर्णन करण्यात अर्थ नाही. थोरल्या बहिणीला, सुमनताईंना, संक्रांतीला उशी मिळाली. ती हरिहररावांनी इतकी ठासून भरली होती की तिच्यावर डोकं ठेवलं तर टेंगूळ यावं. "हरी, फार उपयोगी पडली रे," सुमनताईंनी फोन करून कळवलं, "वाऱ्यानं दार आपटायचं, आता नाही आपटत." जावयाला, रविराजला, लॅपटॉपसाठी कापडी पिशवी मिळाली. लॅपटॉप आत गेला तो बाहेर येईना. तळवड्याच्या आयटी पार्कात मीटिंग सुरू झालेली आणि बिचारा कात्री शोधत हिंडत होता. चित्राताईंच्या एप्रनला खिसा आतल्या बाजूनं बसला. हरिहररावांनी प्रत्येक वस्तू तपासली, प्रत्येक वस्तूत दोष काढले, आणि तरी प्रत्येक वस्तू दिली. शब्द दिला होता ना, बुवा!

होळीला अनुयाला दिवस गेल्याची बातमी आली. हरिहररावांनी त्याच दिवशी ठरवलं की नातवंडाला आजोबाच्या हातची गोधडी. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, खोली कुठली द्यायची, पाळणा कुठं टांगायचा, याचाही नकाशा त्यांनी काढून ठेवला. एप्रिलात अनुयाचा फोन आला.

"आई, मी इथंच राहीन म्हणते. दवाखाना जवळ आहे. तू ये ना महिनाभर."

"आणि मी?" स्पीकरवरून हरिहररावांनी विचारलं.

"तुम्ही पण या की बाबा. अधूनमधून."

तिनं ते अगदी मायेनं म्हटलं, हीच तर पंचाईत. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं. हरिहरराव गॅलरीत जाऊन बसले. अधूनमधून! तिच्या लहानपणी हा बाप घरात असायचा तोही अधूनमधूनच, त्याची परतफेड कुणी इतक्या गोड आवाजात करेल असं त्यांना वाटलं नव्हतं. लेकीनं एकदा तरी हक्कानं माहेरी येऊन राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते मागायला तोंड नव्हतं, म्हणून मग सगळी मदार गोधडीवर.

कंपनीत हाताखाली असलेल्या गोरक्षची आई, तानाबाई, गोधड्या शिवते, हे त्यांना आठवलं. चाकणच्या पुढं गोरक्षचं गाव. निम्म्या शेतावर कंपनीचं गोदाम उभं राहिलेलं आणि उरलेल्या निम्म्यात कांदा. तानाबाईंसमोर हरिहररावांनी आपली तयारी मांडली: कागदावर आखलेलं ड्रॉइंग आणि दुकानातनं आणलेल्या कोऱ्या कापडाचे दहा बाय दहाचे दीडशे तुकडे, एकही अर्ध्या मिलिमीटरनं चुकलेला नाही.

तानाबाईंनी एक तुकडा उचलून गालाला लावला. "ह्ये काय सायेब, फरशी बसवायची हाय का?"

"नाही, गोधडी..."

"आवो, तान्ह्या लेकराला कोरं कापड टोचतंय. घरातलं जुनं आना, धुऊन धुऊन मऊ झाल्यालं. आन त्ये कातरू नगा. मोठंच्या मोठं अंथरायचं, थरावर थर."

घरी येईपर्यंत गोरक्षनं चित्राताईंना फोन केलेला असावा, कारण साड्यांच्या कपाटाला कुलूप होतं. राहिले हरिहररावांचे स्वतःचे कंपनीचे शर्ट. निळे, चौतीस वर्षांत साठलेले, कॉलर विरलेले. तेच त्यांनी उसवले.

मग दर शनिवारी चाकणची बस. तानाबाई ओसरीवर गोधडी अंथरायच्या, एका कडेला त्या सांगायला बसायच्या आणि दुसऱ्या कडेला साहेब सुई घेऊन. बाहेरून आत, फेऱ्यावर फेरा, धावदोरा घालत जायचं आणि शेवटी चारी अंगांच्या कडा दुमडून शिवायच्या. साहेब प्रत्येक टाका स्टीलच्या पट्टीनं मोजत आणि चुकला की उसवत. सकाळी दहाला घातलेला फेरा दुपारी तीनला पुन्हा दहाच्याच जागी.

"असं मोजत बसला तर त्या लेकराचं लगीन व्हईल," तानाबाई म्हणायच्या. "हाताला कळतंय सायेब. डोळ्याला इचारू नगा."

पण हरिहररावांच्या हाताला चौतीस वर्षांत फक्त सही करणं कळलेलं. बोटं टोचली, पाठ धरली, आणि गोरक्ष चहा घेऊन आला की उगाच म्हणायचा, "सर, रिजेक्शन किती टक्के आज?" साहेबही प्रामाणिकपणे आकडा सांगायचे. खरं सांगायचं तर त्यांना ते शनिवार आवडायला लागले होते.

गणपती गेले आणि अनुयाला मुलगी झाली. बारसं बाराव्या दिवशी, तिच्या घरी तळवड्यालाच. हरिहररावांच्या गोधडीची तीन अंगं झाली होती, चौथं राहिलं होतं. आदल्या शनिवारी तानाबाईंनी गाठोडं पुढं केलं. "ही माझ्याकडनं, सायबांच्या नातीला." तीही गोधडीच. कधी शिवली होती कोण जाणे. हिरव्या-लाल जुन्या लुगड्यांची, टाके असे की मुंग्यांची रांग चालली आहे.

घरी आल्यावर हरिहररावांनी दोन्ही गोधड्या पलंगावर शेजारी शेजारी अंथरल्या. हेच चुकलं. तपासनिसासमोर दोन नग ठेवले की तो काय करणार? चष्मा लावून ते खाली वाकले. त्यांच्या गोधडीचा एक कोपरा गोळा झालेला, मधला फेरा पिंपरीहून निघून वाकडेवाडीला गेलेला, आणि एक अंग तर उघडंच. त्यांनी लाल चिठ्ठी घेतली, सुवाच्य अक्षरात दोष लिहिले, खाली सही केली आणि चिठ्ठी पिनेनं लावली.

"अहो, हे काय?" चित्राताईंनी विचारलं.

"नापास."

"कुणी केली?"

"मी."

"धन्य आहे तुमची," म्हणून त्या तळवड्याला परत जायची बॅग भरायला निघून गेल्या.

बारशाला तानाबाई आणि गोरक्ष आधीच येऊन बसले होते. बाळाला पाळण्यात घालून झालं, नाव ठेवून झालं. हरिहररावांनी पिशवीतली हिरवी-लाल गोधडी काढून अनुयाच्या मांडीवर ठेवली. ही तानाबाईंची, असं ते सांगणारच होते. वाक्य ओठावर होतं. पण अनुयानं घडी उलगडली, टाक्यांवरून हात फिरवला आणि मान वर केली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"बाबा! मला वाटलं तुम्ही नुसतंच म्हणताय."

हरिहररावांचं वाक्य ओठावरच राहिलं. रविराजची बहीण मिनल गोधडी उलटीपालटी करून बघू लागली. "काय टाके आहेत! काका, खरंच तुम्ही?" बायका जमल्या. कुणीतरी जाणकार म्हणून तानाबाईंनाच विचारलं, आजी, पुरुषमाणसाला जमतं हो असं? तानाबाईंनी एकवार साहेबांकडं पाहिलं.

"जमतंय की," त्या म्हणाल्या. "सायबांनी लई कष्ट घेतलं."

झालं! आयत्या बिळावर नागोबा, आणि बिळाची मालकीणच नागोबाला दूध पाजतेय. हरिहररावांनी चष्मा काढून पुसला. वर्षभर ज्या नजरेसाठी बोटं टोचून घेतली ती नजर समोर होती आणि ती दुसऱ्याच्या हाताला मिळत होती. आणखी एक मिनिट गप्प बसलं की आयुष्यभर गप्प बसावं लागणार, हे त्यांना कळत होतं. बाकी कुणाला कळणारही नव्हतं. पोरगी खूश होती.

"ही मी नाही शिवली," ते म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की पाळण्यातली नात दचकली. "ही तानाबाईंनी शिवली. त्यांनी दिलीय."

अनुयानं गोधडी हळूच घडी घालून बाजूला ठेवली.

"म्हणजे परत तेच, बाबा?"

"नाही. म्हणजे हो. माझी मी शिवलीय, पण ती नापास झाली. कोपरा गोळा झालाय, टाके सरळ नाहीत, एक अंग राहिलंय. तशी कशी देणार? चिठ्ठी लावून कपाटात ठेवलीय."

"नापास कुणी केली?"

"सवय गं," हरिहरराव म्हणाले. "तुला चांगली वस्तू द्यायची होती."

"आम्ही इथं आठ घड्याळं बघत बसलोय चांगली चांगली!" अनुया रडत होती की हसत होती ते कळेना. "कशाची केलीय?"

"माझ्या शर्टांची. निळ्या."

ते शर्ट तिला माहीत होते. सकाळी डोळे उघडायच्या आत दारातून बाहेर पडणारे, आणि झोप लागल्यावर खुंटीला लटकलेले.

"उद्या घेऊन येतो," हरिहरराव घाईनं म्हणाले. "आहे तशी."

"नको. इथं आणू नका." अनुयानं नाक पुसलं. ती उठली, तानाबाईंच्या पाया पडली, त्यांची गोधडी बाळाखाली घातली आणि मग बापाकडं वळली. "मीच येते तिकडं. बाळाला घेऊन. माझ्यासमोर बसून पुरी करायची, आणि ती होईपर्यंत आम्ही काही हलणार नाही. किती दिवस लागतील?"

राहिलेलं अंग हातभर होतं. उसवाउसवी धरून आठ दिवसांचं काम. चौतीस वर्षांत हरिहररावांनी कुठल्याही गिऱ्हाईकाला चुकीची तारीख दिलेली नव्हती.

"दोन महिने," ते म्हणाले. "कमीत कमी."

तानाबाईंनी पदर तोंडाला लावला. "लागत्यालच की," त्या म्हणाल्या, "सायबांचा हात लई सावकाश हाय."