आई गेल्याचं गाणं

रॉकस्टार व्हायला गिटार लागते आणि गिटारपेक्षा जास्त गरिबी लागते, हे ताईच्या धाकट्या भावाला विशीतच कळलं होतं. पंचाईत एवढीच, की घरात गरिबी औषधालाही नव्हती. वडील दातांचे डॉक्टर, गिटार शिकवायला मास्तर घरी यायचे. मग पठ्ठ्यानं पहिल्याच मुलाखतीत वडिलांना दारुडा केलं आणि आईला चक्क मारून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पुढे त्यावर गाणंही रचलं. लोकांनी ते असं डोक्यावर घेतलं, की आईला परत जिवंत करायची सोय राहिली नाही.

आई मात्र ठणठणीत होती, ताईकडे राहत होती. गाणं रेडिओवर लागलं की म्हणायची, "घसा बसलाय त्याचा. गरम पाणी पीत नसेल." ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. फाटकी पँट घालून बंगल्यात राहणारा हा शूरवीर आईला फोन करायचा तोही चोरून, बाथरूममधून, नळ सोडून.

यंदा त्याचा कार्यक्रम त्यांच्याच शहरात ठरला, तेव्हा ताईनं त्याला सुनावलं. आई थकलीये, एकदा चारचौघांत 'ही माझी आई' म्हण, एवढंच तिला ऐकायचंय. तो रडला. रडण्यात तो पहिल्यापासून पटाईत. पण त्यानं शब्द दिला.

आई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. साहेब मंचावर आले. साठीला टेकलेले, केस काळेकुट्ट, बटणं बेंबीपर्यंत उघडी, पोट आत ओढलेलं. ताईला हसूच आलं. पण मग त्यानं आईकडे पाहिलं, नीट पाहिलं. ताईला वाटलं, आता म्हणेल. त्यानं समोरच्या गच्च मैदानावर नजर टाकली आणि वाघाची शेळी झाली.

"आई जिथं असेल तिथून," तो माइकमध्ये म्हणाला, "आज मला बघत असेल."

मैदानभर माणसं उभी राहिली, हातातल्या मोबाइलचे दिवे लागले. ताईला त्याची किळस आली. ती उठली आणि आईचा दंड धरून चल म्हणाली. आई जागची हलली नाही. तिनं पर्समधून आपला फोन काढून ताईपुढे धरला.

"यातला दिवा लावून दे गं. एवढी परकी माणसं त्याच्या आईसाठी उभी आहेत, मी बसून राहिले तर बरं दिसेल का?"