कुंकू लावलेलं पाकीट

लोणावळ्याच्या बाजारामागं, टेकडीला पाठ लावून चार खोल्यांची एक ओळ आहे. पहिल्या खोलीत विठाबाई आणि त्यांचे यजमान हौशीराम राहत, दुसरीत लैला. पुढच्या दोन खोल्यांतली माणसं गळतीला कंटाळून निघून गेली, तेव्हापासून तिथं कुलपं. मालक बजरंगभाऊ कार्ल्याचे.

हौशीरामांची हयात चिक्कीच्या कारखान्यात गुळाचा पाक ढवळण्यात गेली. दिवाळीनंतर त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि ते खाटेला खिळले. खाट मागच्या भिंतीशी होती. पत्रा दाराशी गळे, मोरीवर गळे, देवाच्या कोनाड्यापुढं गळे. कोरडी जागा खोलीत तेवढी एकच, आणि नेमकं तिथंच भिंतीला पोट आलं होतं.

आषाढात मालक आले तेव्हा विठाबाईंनी त्यांना ती भिंत दाखवली. बजरंगभाऊंनी तिच्यावर पंजा दाबून बघितला. पंजा ओला झाला तो त्यांनी रुमालाला पुसला.

"मातीतलं काम हाय, मावशी. टेकडीचं पानी झिरपतं. पाऊस उघडला की बघू."

"लय पुढं आलीया, भाऊ. ह्यांना उठता येत न्हाई."

"तुमच्या लग्नाआधीपासून उभी हाय ती. तुमी निवांत ऱ्हावा." ते हसले, चहा प्याले, हौशीरामांच्या पायाला हात लावून गेले. विठाबाईही हसल्या. घरी आलेल्या माणसाला टाकून बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

लैलानं दारातून सगळं ऐकलं होतं. ती कार्ल्याला हमरस्त्यावर कणसांची गाडी लावायची.

"तुमचा आवाज तुमच्या द्येवाला तरी जातो का, मावशी? तोंडी बोलून काय व्हायचं न्हाई. मी फोन लावते तर उचलत न्हाईत. लिहून द्या. मी रोज तिकडं जातेच, घरात नेऊन देते."

विठाबाईंना ते पटलं. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्या शंकराला शिवामूठ वाहून आल्या, उपासाच्या पोटानं देवापुढं बसल्या आणि त्यांनी कागद घेतला. वर श्री लिहिलं. मग वहिनींची, मुलाबाळांची खुशाली विचारली, देव आपल्याला उदंड आयुष्य देवो असं लिहिलं, आणि कागद निम्मा भरल्यावर मुद्द्यावर आल्या. 'मागील भिंतीस पोट आले आहे. रात्री माती पडल्याचा आवाज येतो. ह्यांची खाट भिंतीशी आहे, दुसरीकडे गळते. पाऊस उघडण्याची वाट बघू नये, हात जोडून विनंती.'

पाकीट चिकटवलं आणि नेहमीच्या सवयीनं करंड्यातलं हळदीकुंकू त्याच्या चारी कोपऱ्यांना लावलं. त्यांच्या हातून कोरं पाकीट कधी घराबाहेर गेलंच नव्हतं. त्यांची पत्रं जायची तरी कशाची? बारशाची, उद्यापनाची, आणि दर श्रावणी पौर्णिमेला सत्यनारायणाचं बोलावणं. ते मालकांना न चुकता जाई, आणि मालक सपत्नीक येऊन प्रसाद घेऊन जात. यंदा पूजा नव्हती. चौरंग मांडायचा त्या जागी आता खाट होती.

लैलानं पाकीट त्याच दिवशी मालकिणीच्या हातात दिलं आणि गाडीवर गिऱ्हाईक खोळंबलेलं म्हणून दारातूनच परतली. "हातात घेतलं, कपाळाला लावलं," असं तिनं येऊन सांगितलं. विठाबाईंना बरं वाटलं. एवढ्या मानानं घेतलं म्हणजे काम होणार.

आठवडा गेला. कोणी आलं नाही. भिंतीला आता बोट जाईल एवढी भेग पडली होती. विठाबाई रोज पहाटे ती भेग बघत आणि मग देवाला दिवा लावत.

"चाचांना माझ्याकडं आना," लैला म्हणाली. "माझी भिंत अजून सरळ हाय. मी एकटी मानूस, खाट मावती."

विठाबाई देवाच्या कोनाड्याकडं बघू लागल्या. लैलानं त्यांच्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "म्हैनाभर घरात मच्छी न्हाई आनत, मावशी. भांडी पन घासून घेते."

"तसं न्हाई गं," विठाबाई म्हणाल्या. पण तसंच होतं. श्रावणाचा नेम होता, त्यात हौशीरामांना नैवेद्याचं ताट त्या स्वतः भरवत. लैलाच्या घरी ते कसं चालणार, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी दुसरंच कारण काढलं, आणि तेही खोटं नव्हतं. "खाट हलवली आन् मालक आले, तर म्हनतील काय अडलंय, उगा लिहिलं. त्यांना बघू दे. इतकं लिहून गेल्यावर येतीलच. शब्दाचा मानूस हाय."

लैलानं तो विषय पुन्हा काढला नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवसापासून पावसानं झड धरली ती सुटेना. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी विठाबाईंनी हौशीरामांचं तोंड पुसलं, उशीला उशी लावली.

"लवकर ये," हौशीराम म्हणाले. त्यांची जीभ जड झालेली, पण विठाबाईंना सगळं कळे.

"बेल वाहते आन् आलेच."

बेल वाहून त्या परतल्या तेव्हा गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. त्यांना वाट देताना कोणी त्यांच्याकडं बघेना. खोलीचं दार होतं, चौकट होती, कोनाड्यात देव होते. त्यामागं टेकडीच आत आली होती. लैला गुडघाभर चिखलात बसून हातांनी दगड काढत होती, आणि दोघं जण तिला मागं ओढत होते. खाटेचा एक खूर तेवढा वर दिसत होता.

विठाबाई ओरडल्या नाहीत. हातातला तांब्या त्यांनी उंबऱ्यावर नीट ठेवला आणि लैलाशेजारी बसून त्याही माती काढू लागल्या.

हौशीरामांना सरकारी दवाखान्यात नेलं, ते नुसतं कागद करण्यासाठी. पोलीस हवालदार दारात पंचनामा लिहीत उभे असताना गल्लीत रिक्षा थांबली. बजरंगभाऊ उतरले. अंगात पांढरं, परीटघडीचं. मागून त्यांची बायको, जरीची साडी वर धरून. तिच्या हातातल्या ताटात नारळ, केळी आणि फुलं होती.

दोघं तिथंच थांबली. ताट घेऊन ती बाई कुठं ठेवू, कुठं ठेवू अशी बघत राहिली.

"पूजेला आलो होतो," बजरंगभाऊ म्हणाले. "तुमचं बोलावणं आलं ना, मावशी."

"बोलावणं न्हाई," लैला म्हणाली. तिची बोटं रक्तानं आणि मातीनं भरली होती. "पत्र होतं. भिंतीचं."

मालकिणीचं तोंड उतरलं. "कुंकू बघितलं," ती हळू म्हणाली. "दर साली येतं तसंच. फोडलं न्हाई. द्येवात ठेवलंय."

विठाबाईंनी एकदा डोळे मिटले. पाकिटाच्या कोपऱ्यांवरून फिरलेलं स्वतःचं बोट त्यांना दिसलं.

बजरंगभाऊ हवालदारांकडं वळले. आता त्यांना बोलायला जागा मिळाली होती. "साहेब, लिहून घ्या. पत्र माझ्या घरात तसंच बंद हाय. आत्ता आनून दाखवतो. मला काय ठावं असनार?"

हवालदारांनी विठाबाईंना विचारलं, "मावशी, हे म्हणतात ते खरं का? यांना माहिती नव्हतं?"

सगळे गप्प झाले, कारण विठाबाईंचं बोलणं ऐकायचं तर गप्पच व्हावं लागे.

"पत्र वाचलं न्हाई हे खरं," त्या म्हणाल्या. "चूक माझी हाय. कुंकू लावायला नको होतं." बजरंगभाऊंनी मान हलवली. विठाबाई थांबल्या आणि तशाच सावकाश पुढं बोलल्या. "पन आषाढात भाऊंनी भिंतीवर हात ठेवला होता. हात वला झाला. तो त्यांनी रुमालाला पुसला. ह्यांच्या पाया पडले ते त्याच हातानं. ते बी लिवा."

हवालदारांनी लिहिलं. बजरंगभाऊंनी हात खिशात घातला. त्यांची बायको ताट तसंच घेऊन रिक्षात जाऊन बसली.

तिसऱ्या दिवशी विठाबाई लैलाच्या खोलीत बसल्या होत्या. निजायला आता दुसरी जागा नव्हती. लैलानं केलेली भाकरी त्यांनी दोन दिवस खाल्ली होती, आणि प्रत्येक घासाला त्यांना वाटे, हे आठ दिवस आधी जमलं असतं. समोर लैलाची मागची भिंत होती. मधोमध, कमरेच्या उंचीवर, ती किंचित पुढं आलेली.

"कागद दे," विठाबाई म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. खुशाली विचारली नाही. 'लैलाच्या खोलीची भिंत फुगली आहे. आम्ही दोघी आत राहतो. उद्या माणसे लावा.' एवढंच. पाकीट बंद केलं नाही. सुतकात करंड्याला हात लावायचा नव्हता, आणि यापुढं तो करंडा लागणारही नव्हता. कोपरे कोरेच राहिले.

लैलानं पाकीट दुमडून ओढणीच्या टोकाला बांधलं.

"ह्या वेळी बाईकडं न्हाई द्यायचं," ती म्हणाली. "मालकांच्याच हातात देते. आन् वाचून होईस्तोवर दारातून हलत न्हाई."