भूमिकाने वाचलेली साक्ष

भूमिकाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बेसाहून रोज प्रताप नगरला जाऊन ती एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायची. नवरा रोशन वारला आणि वर्षभराच्या आत कन्हानला राहणाऱ्या सासूने, कुसुमताईंनी, नातीच्या ताब्यासाठी कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. गुंजन पाच वर्षांची. बहिऱ्या आईला लेकराची हाक ऐकू येत नाही, मग ती पोर सांभाळणार कशी, असं अर्जात म्हटलं होतं. अर्जामागे दीर जितेंद्रचा जोर होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रत्येक तारखेला भूमिका आपल्या आईबरोबर, शोभाताईंबरोबर, बाकावर बसायची. वकील उभे राहत, हात हलवत, न्यायाधीशबाई मान डोलवत. नंतर जिन्यात शोभाताई खुणांनी सांगायच्या: ठीक झालं, काळजी करू नको. तासाभराच्या बोलण्याचं एवढंच तिच्या वाट्याला यायचं.

त्या दिवशी मात्र तिच्या बाकासमोर एक पडदा होता. बोललेलं मराठीत आपोआप टाइप करणारी यंत्रणा कोर्टात नुकतीच आली होती. तिचा एक पडदा भूमिकाकडे वळवावा, अशी विनंती तिच्या वकील मेघा यांनी केली होती आणि ती मान्य झाली होती.

पडदा कोरा होता. समोरच्या वकिलांचे ओठ हलले आणि त्यावर अक्षरं धावू लागली. 'तारीख'चं 'तारीफ' झालं, मग आपोआप सुधारलं. भूमिका बघत राहिली. लोक बोलतात ते एवढं असतं? एवढ्या वेगाने, एकमेकांचं वाक्य मध्येच तोडून? न्यायाधीशबाई शिपायाला पंखा कमी करायला सांगतात, तेही तिथे उमटलं. आयुष्यात पहिल्यांदा ती खोलीतल्या सगळ्यांबरोबर एकाच क्षणाला होती.

मग पडद्यावर त्याच वकिलांचं वाक्य आलं: "अशा बाईच्या घरात मूल म्हणजे रिकाम्या घरात मूल."

शोभाताईंनी पटकन तिच्या डोळ्यांपुढे हात धरला. भूमिकाने तो हळूच बाजूला केला. इतके महिने आई काय काय गिळून 'ठीक' म्हणत होती, ते तिला कळलं. तिने आईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पुढचं वाचू लागली.

कुसुमताई पिंजऱ्यात आल्या. मेघा यांनी शाळेबद्दल विचारलं, खाण्यापिण्याबद्दल विचारलं. कुसुमताई पढवल्यासारखी उत्तरं देत होत्या, डोळे जितेंद्रकडे. मग प्रश्न आला: रोशन दवाखान्यात असताना तुम्ही सगळ्या एका खोलीत झोपत होतात. गुंजनला झटके आले, त्या रात्री तिच्यासाठी कोण उठलं?

"आठवत नाही," पडद्यावर उमटलं.

कुसुमताईंनी मान खाली घातली. ओठ जेमतेम हलले. समोर बसलेल्या कुणाच्या चेहऱ्यावर काही ऐकल्याचं दिसलं नाही. पण माइक त्यांच्या तोंडाशी होता आणि पडद्यावर एक ओळ चढली: "हेच उठली होती. मळे तर ऐकूच नाही आलं."

वऱ्हाडी 'मले'चं, म्हणजे 'मला'चं, यंत्राने 'मळे' केलं होतं; आणि 'हेच' म्हणजे हीच, भूमिकाच. भूमिकाला क्षणात उमगलं. जे कानवाल्यांनी ऐकलं नाही, ते तिने वाचलं होतं. तिने उठून पडद्याकडे बोट केलं.

समोरचे वकील म्हणाले, साक्षीदार काहीच बोललेल्या नाहीत. न्यायाधीशबाईंनी आपल्यापुढच्या पडद्यावर ती ओळ वाचली. मग कुसुमताईंना शांतपणे विचारलं, "हे तुम्ही म्हणालात का? काय म्हणायचं होतं?"

जितेंद्र अर्धवट उठला होता, त्याला बसवलं गेलं.

"हो जी. पोरगी मायच्या हाताले हात लावून झोपते. हात थरथरला तशी हे उठली, तिनं मले हलवून उठवलं. मी बाजूलेच होती जी. मले नाही आलं ऐकू."

कुसुमताईंनी पदर डोळ्यांना लावला. भूमिकाचीही नजर धुरकटली. पण एक अक्षर सुटू नये म्हणून तिने डोळे पुसले नाहीत.

पुढच्या तारखेला कुसुमताईंनी अर्ज मागे घेतला. गुंजन आईकडेच राहिली. दर रविवारी तिने कन्हानच्या आजीकडे जायचं, असं सासू-सुनेने आपसांत ठरवलं.

साक्षीच्या त्या दिवशी मात्र निकालाचा विचार भूमिकाच्या मनात नव्हताच. काम संपलं, शोभाताई उठल्या, पण ती बसूनच राहिली. पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला होता. कुणाला तरी पुढची तारीख हवी होती, कुणाचे वकील वाटेत अडकले होते. न्यायाधीशबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पडदा फिरवायला आलेल्या शिपायाला हातानेच थांबवलं. शोभाताई पुन्हा तिच्याशेजारी टेकल्या. भूमिका त्या अनोळखी माणसांचं साधं बोलणं, ओळीमागून ओळ, डोळे भरून वाचत राहिली.