पाठमोरं गाणं

पंचाहत्तरी ओलांडलेले रॉक गायक ऑस्बर्ट परेरा ठाण्यात पुन्हा गाणार, ही बातमी उत्तराताईंनी वर्तकनगरच्या घरी वाचली आणि त्यांना कॉलेजचे दिवस आठवले. फेसबुकवर चाहत्यांच्या आठवणींना पूर आला होता. वाद चालला होता तो एकाच गोष्टीवरून. शेवटचं संथ गाणं परेरा नेहमी प्रेक्षकांकडे पाठ करून का गायचे? कोणी म्हणे, वारलेल्या भावाच्या आठवणीने रडायचे. कोणी म्हणे, नुसता माज.

उत्तराताई लेकीला, ऋजुताला घेऊन माजिवड्याच्या कार्यक्रमाला गेल्या. शेवटचं गाणं आलं आणि परेरा चक्क समोर तोंड करून गायले. उत्तराताईंना राहवेना. कार्यक्रम संपताच त्या त्यांच्याजवळ गेल्या.

"सर, तेव्हा तुम्ही पाठ का फिरवायचात? भावासाठी रडायचात म्हणतात."

"मला भाऊच नाही," परेरा म्हणाले. "वरचा सूर लावताना माझं तोंड फार वेडंवाकडं होतं. एकदा पहिल्या रांगेत माझी आईच फिदीफिदी हसली. मग हिंमतच झाली नाही."

"आणि आज?"

"आज मोतीबिंदू आहे. कोण हसतंय ते दिसतच नाही."

ऋजुता खुदकन हसली. उत्तराताईंनी विचारलं, "हे मी फेसबुकवर लिहू?"

परेरा जरा घुटमळले. "आईचं लिहा. भावाचं खोटं आहे, असं मात्र नका लिहू. लोकांनी किती जपलंय त्याला."

रिक्षात बसल्या बसल्या उत्तराताईंनी आईचं तेवढं लिहून टाकलं.